ओल्या आभाळातला हात

आमच्या गल्लीत काहीही घडलं की ते आधी बाळाबाईला कळतं, मग मला, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्या घरात घडलं त्याला. दाक्षायणीवहिनींच्या घरी मेलेला नवरा येऊन बसतो, ही बातमीही याच वाटेनं फिरली.

मार्चातली दुपार होती. सोलापुरात मार्चातल्या दुपारी कावळासुद्धा ओरडताना विचार करतो. मी ओट्यावर सावलीला बसलो होतो. एवढ्यात शेजारच्या भिंतीवरनं बाळाबाईचं डोकं वर आलं. ही बाई मूळची मंद्रूपची. कडक भाकऱ्या करून विकते. हात परातीत आणि कान दुसऱ्याच्या घरात, असा तिचा दिवस जातो.

"मामा, वास आला का?"

"कसला?"

"कांजीचा. सोमलिंगअण्णाचा वास हाय त्यो. मला वळखू येत न्हाय व्हय?"

"सोमलिंगला जाऊन दोन वर्षं झाली, बाळाबाई. आता कसला वास?"

"मग हुंगा की!"

मी हुंगलं. खोटं कशाला सांगू, वास होता. आंबूस, ओलसर, जरा तेलकट. अंगावर सर्रकन काटा आला आणि मी तो बाळाबाईला दिसू नये म्हणून पाठ खाजवल्याचं नाटक केलं.

सोमलिंग कोण, ते सांगतो. दाक्षायणीवहिनींचा नवरा. अक्कलकोट रोडच्या एका सायझिंगमध्ये त्याचा जन्म गेला. मागावर चढण्याआधी सुताला पिठाची, तेल घातलेली कांजी पाजतात, म्हणजे सूत ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. त्या कारखान्याला आमच्याकडं सायझिंग म्हणतात. सोमलिंगच्या अंगाला त्या कांजीचा वास इतका मुरला होता की तो गल्लीच्या तोंडाशी आला की वहिनी चहा टाकायच्या. डाव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं त्यानं तरुणपणीच रोलरला देऊन टाकली होती. उरलेलं थोटूक नाकपुडीला लावून तो पोरांना सांगायचा, बोट मेंदूपर्यंत गेलंय, ओढा कुणीतरी. पोरं किंचाळत पळायची.

आणि कांजीवर त्याची भारी श्रद्धा. जगात जे काही बिघडतं ते कांजी उतरल्यामुळं, असं त्याचं ठाम मत. कुणाचा जावई सासुरवाडीत मऊ पडला, "त्याची कांजी उतरली." नगरसेवक पडला, "कांजी पातळ होती." माझी एकदा पाठ धरली तर म्हणाला, "मामाला दोन दिवस हौदात बुडवून ठेवा."

अशा माणसाची बायको चित्रकार. मुलींच्या शाळेत ड्रॉइंगच्या बाई. माहेर मैंदर्गी, त्यामुळं नवरा-बायकोचं भांडण कन्नडमध्ये आणि समेट मराठीत. आम्हा शेजाऱ्यांची त्यात फार गैरसोय व्हायची. भांडण कळायचं नाही आणि समेटात ऐकण्यासारखं काही नसायचं.

वहिनी जलरंगात रंगवायच्या. पहाटे कंबर तलावावर जायच्या, पाण्यातली कमळं, पलीकडचं धुकट झाड, वर आभाळ. त्यांच्या चित्रात आभाळच फार. मी एकदा म्हटलं होतं, "वहिनी, अर्ध्याहून जास्त कागद रिकामाच की!" त्या म्हणाल्या, "भावजी, ते रिकामं दिसावं म्हणून मी सगळ्यात जास्त तिथंच राबते."

मग सांधे धरले. आधी सकाळी बोटं आखडायची, मग दुपारीही. बघता बघता बोटांची आल्याच्या गाठींसारखी गत झाली. वर्गात खडू हातातून पडायला लागला, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. घरी मात्र ब्रश सोडला नाही. दात खाऊन रंगवायच्या. सोमलिंग शेजारी उभा राहायचा आणि पंजा पुढं करून म्हणायचा, "साकु." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. "साकु, दाक्षा. बोटं बघ."

एके दिवशी ब्रश धरताच येईना. त्या दिवशी वहिनींनी रंगांची पेटी भिंतीवर फेकली. ते भांडण मराठीत झालं, म्हणून मला पाठ आहे. "हे कागद रद्दीत घाला. परत घरात दिसले तर जाळीन!" सोमलिंगनं जाड कोऱ्या कागदांचा गठ्ठा सायकलला लावला आणि गेला. परत आला तो मोकळ्या हातानं. "घातले," म्हणाला.

त्यानंतर बरीच वर्षं त्या घरात चित्राचा विषय निघाला नाही. सोमलिंग गेला तोही विषय न काढता. दुपारी खुर्चीत बसला होता, बसलेलाच राहिला.

यंदा संक्रांतीनंतर वहिनींना नव्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. सूज उतरली. वाकडी झालेली बोटं सरळ होणार नव्हती, पण दुखणं सैल पडलं. डॉक्टर म्हणाले, "आता बोटं वापरा. पूर्वी काय करत होता ते करा. नुसती मांडीवर ठेवलीत तर राहिलेलीही जातील."

ब्रश शोधायला म्हणून त्यांनी माळा उपसला, तर मोराच्या नक्षीच्या जुन्या चादरीत गुंडाळलेला आणि मागाच्या सुतानं बांधलेला एक गठ्ठा सापडला. सोडून बघतात तर रद्दीत घातलेले कागद.

"खोटारडा," त्या मला सांगताना म्हणाल्या, आणि हसल्या. तेव्हा हसू शकत होत्या.

आता रंगवण्याची तऱ्हा ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. बारीक दांड्याचा ब्रश त्यांच्या मुठीत बसेना, म्हणून त्यांनी दांड्याला सूत गुंडाळून तो लाटण्याएवढा जाड केला. बोटांऐवजी खांद्यातून हात फिरवायचा. आणि आपली ही कोरडी हवा! निळ्या रंगाचं पाणी कागदाच्या या टोकाला लावून त्या टोकाला जावं, तोवर पहिलं टोक वाळून मोकळं. आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं होतं. म्हणून वहिनी खिडकीवर ओली चादर टांगायच्या. खोलीत गार, दमट काळोख. त्या काळोखात बोर्डावर टाचण्यांनी ताणलेला पांढरा कागद आणि त्याच्यावर हळूहळू खाली सरकणारं निळं पाणी.

पहिल्या कागदावर आभाळ वाळायला लागलं तसं वरच्या कोपऱ्यात काहीतरी फिकट उरलं. वहिनींना वाटलं, ढग आला. जलरंगात न बोलावता येतात ढग, त्याचं त्यांना नवल नव्हतं. पण ढगाला बोटं फुटायला लागली. अंगठा आला. तर्जनी आली. मधलं बोट अर्ध्यावरच थांबलं.

त्यांनी कागद पालथा घातला आणि दिवसभर स्वयंपाकघरात बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरा कागद. तोच कोपरा, तोच पंजा. आणि आता त्यांच्या लक्षात आलं की पाणी लागलं की खोलीत वासही येतो. तिसऱ्या कागदाच्या वेळी तो वास खिडकीवरच्या चादरीतून बाहेर पडला, भिंत ओलांडून बाळाबाईच्या नाकात शिरला, आणि पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

गल्लीनं मग आपलं काम केलं. कुणी म्हणालं, सोमलिंगचं मन बायकोत अडकलंय. कुणी म्हणालं, वर्षश्राद्धाला गोड कमी केलं होतं. आमच्याकडं मयत मांडी घालून पुरतात, जाळत नाहीत, म्हणून तो उठून येऊ शकतो, असंही एका शहाण्यानं सांगितलं. मी स्वतः काही पसरवलं नाही. कुणी विचारलं तरच सांगितलं. आता खूप जणांनी विचारलं, त्याला मी काय करणार?

पण एका संध्याकाळी वहिनींना भेटायला गेलो आणि माझी चेष्टा राहूनच गेली. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. रंगांची पेटी, ब्रश, उरलेला गठ्ठा, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं.

"सोमवारी शाळेत देऊन टाकते, भावजी."

"का बरं?"

"तो साकु म्हणतोय."

"वहिनी, अहो..."

"तुम्ही पाहिलाय ना त्याचा पंजा? असाच पुढं करायचा. बोटं बघ म्हणायचा." त्यांनी आपली बोटं पाहिली. ती पुन्हा आत वळायला लागली होती. चार दिवस ब्रश धरला नव्हता. "त्याचं जिवंतपणी ऐकलं नाही. आता एवढ्या लांबून येऊन सांगतोय, तरी ऐकायचं नाही का?"

"आणि डॉक्टर काय म्हणाले ते?"

"डॉक्टरांना काय माहीत कोण येतंय ते."

मी उठलो आणि जे करायला नको तेच केलं, बाळाबाईला सांगितलं.

रविवारी दुपारी बाळाबाई विभूतीची पुडी आणि दोन लिंबं घेऊन वहिनींच्या दारात हजर. मीही मागोमाग गेलो. कुणीतरी जबाबदार माणूस हवं ना.

"बाई, त्यो कागद कुटं हाय? आदी त्यो जाळायचा. लिंबू मग."

"बाळाबाई, बस तू. पाणी पी."

"पानी न्हाय प्यायची हितं. कागद दावा!"

शेवटचं चित्र बोर्डावर तसंच होतं, भिंतीकडं तोंड करून उभं केलेलं. वहिनींनी ते वळवून टेबलावर आडवं ठेवलं. खिडकीवर चादर होतीच, वाळून कडक झालेली. त्या अर्ध्या उजेडात मी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. निळ्या आभाळातून कुणीतरी आतून काचेवर ठेवावा तसा. थोटं बोटसुद्धा स्पष्ट. मी लहानपणापासून भुतांच्या गोष्टी सांगत आलोय, एकाही गोष्टीतलं भूत माझ्या ओळखीचं नव्हतं. ओळखीचं असलं की भीतीची जात वेगळी होते. पाय पळत नाहीत, जड होतात.

"अय्यय्यो, सोमलिंगअण्णा की वो!" बाळाबाई पुटपुटली आणि दुसऱ्याच क्षणी तिनं कागदावर झडप घातली. टाचणी अंगठ्यात घुसली. बोंब अशी ठोकली की समोरचं कुत्रं उठून गेलं.

"थांब, थांब. टिंक्चर लावते." वहिनी कपाटाकडं गेल्या. त्यांच्या बोटांनी बाटलीचं बूच कसंबसं निघालं, पण बाळाबाई अंगठा झाडत होती आणि वहिनींची पकड ती केवढी! बाटली निसटली. टेबलावर आपटून आडवी झाली आणि तपकिरी टिंक्चर त्या आभाळावर पसरत गेलं.

आम्ही तिघंही बघत राहिलो.

जिथं जिथं टिंक्चर गेलं तिथं कागद काळानिळा व्हायला लागला. आधी पंजाचा तळवा. मग अंगठा. मग बोटं एकेक करून, जणू कुणी आतून जोर देऊन दाबतंय. फिकट हात बघता बघता काळा झाला, जांभळट काळा, गोठलेल्या रक्तासारखा. आणि तो एवढ्यावर थांबला नाही. पंजापासून सगळ्या कागदभर काळपट पट्टे उमटले, लांब, सरळ, एकाखाली एक. वास आला. असा आला की सोमलिंग माझ्या खांद्यामागं उभा असावा.

बाळाबाईच्या हातातलं लिंबू पडलं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. ते काढायला कुणी वाकलं नाही.

मी मागं पाहिलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी सांगतो की दाराकडं लक्ष ठेवून होतो.

वहिनी मात्र पुढं झाल्या. काळ्या पंजाजवळ वाकल्या. पट्ट्यांवरनं, न टेकवता, आपला उजवा हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत वर आणला, परत फिरवला. डावा हात त्यांनी पंजाच्या वर हवेत धरला. जणू कुणी डाव्या हातानं कागद दाबून धरलाय आणि उजव्यानं फडकं ओढतंय.

मग त्यांनी गठ्ठ्यातला कोरा कागद काढला. कोपऱ्याला जीभ लावली.

"कांजी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कांजी लावलीय यानं कागदाला! सातवीच्या पोरी प्रयोगाला बटाट्यावर टिंक्चर टाकतात, त्यातल्या पिठानं तो असाच काळा होतो. भावजी, जुना कागद ओल धरतो, मऊ पडतो. रंग टीपकागदासारखा पिऊन टाकतो. यानं माळ्यावरनं काढून बघितला असणार." त्यांचा आवाज चढत गेला. "सुताला लावतात तशी लावली. एकेका कागदाला. डाव्या हातानं दाबून धरलं ते तसंच भिजल्या हातानं, तिथं जाड बसली. तिथं रंग कसा धरेल? गाढव! मला विचारायचं तरी!"

आणि तेव्हा मला आठवलं. वहिनींच्या बोटांचं सगळ्यात वाईट चाललं होतं त्या पावसाळ्यात सोमलिंग माझ्या ओट्यावर येऊन बसला होता आणि उगाच विचारावं तसं विचारलं होतं, "मामा, कागदाला कांजी चढते का हो?" मी म्हटलं होतं, "चढते की. पतंगाला लाव, नगरसेवक होईल." तो हसला आणि उठून गेला.

हे मी वहिनींना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. त्याच खुर्चीत.

"तोंडानं साकु म्हणायचा," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी दाराजवळची पिशवी उचलून टेबलावर रिकामी केली. "बाळाबाई, उद्या तुझी परात दे मला. रंग कालवायला मोठं काहीतरी हवंय."

"भाकरीची परात? आनि मी काय डोक्यावर थापू?"

पण दिली तिनं.

त्यानंतर वहिनी रोज रंगवायला लागल्या. बोटं पुन्हा सैल झाली. प्रत्येक आभाळाच्या वरच्या कोपऱ्यात तो हात यायचा आणि त्या त्याला जागा सोडून बाकीचं चित्र जमवायच्या. कधी त्याच्याखाली तलाव, कधी किल्ल्याचा बुरूज, कधी नुसतं वाळलेलं रान. शाळेतल्या जुन्या बाई भेटायला आल्या, म्हणाल्या, "दाक्षायणी, ढग छान काढलेस गं." वहिनी म्हणाल्या, "मी नाही काढले." त्यांना तो विनय वाटला.

पण गठ्ठा हा शेवटी गठ्ठाच. पातळ होत होता ते मला ओट्यावरनं दिसत होतं, कारण वहिनी हल्ली एकेका चित्राला जास्त दिवस लावायला लागल्या होत्या. शेवटचा कागद त्यांनी आठवडाभर बोर्डावर नुसता ताणून ठेवला. मी म्हटलं, "आता काय?"

"आता भीती वाटते, भावजी. आधी येतो म्हणून वाटत होती. आता येणार नाही म्हणून."

तो कागदही झाला. बाजारातून नवा आला, लख्ख, करकरीत, त्याला कांजीची काही गरज नव्हती. वहिनींनी त्याच्यापुढं दोन दिवस नुसतं बसून काढले. ब्रश उचलायच्या आणि ठेवायच्या. मला वाटलं, झालं, पुन्हा पिशवी दाराशी येणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅसवर मक्याच्या पिठाची कांजी शिजवली. ताजी, पांढरी, बिनतेलाची. वास म्हणाल तर लहान पोराच्या पेजेसारखा. मी समोर बसून पाहिलं. डावा हात कांजीत बुडवून त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दाबला आणि उजव्यानं फडकं ओढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आल्याच्या गाठींसारखी ती बोटं, पण एक रेघ वाकडी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर होतो. वहिनींच्या खिडकीवर ओली चादर लागली. थोड्या वेळानं भिंतीवरनं बाळाबाईचं डोकं वर आलं. या खेपेला तिनं नाक वर करून हुंगलं. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

आंबूस. ओलसर. जरा तेलकट.

मी उठलो आणि आत गेलो. खोलीत तोच गार काळोख. आभाळ अजून ओलं होतं, कोपऱ्यात फिकट काहीतरी वर येत होतं. वहिनी ब्रश हातात घेऊन उभ्या होत्या, आणि चेहरा असा शांत की तसा मला त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच दिसला. वहिनींची पाचही बोटं शाबूत आहेत. वाकडी आहेत, पण शाबूत. मी मधलं बोट बघायला कागदाकडं वाकलो.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "मोजू नका."

मी सरळ झालो. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि खालच्या रानात रंग भरायला घेतला.

बाहेर आलो तर बाळाबाई भिंतीवर छातीपर्यंत चढलेली. "मामा, कुनाचा? कुनाचा हात हाय? सांगा की वो!"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. वास मात्र दिवस कलेपर्यंत गल्लीत होता. रोज दुपारी असतो.